उतारवयात डोक्यालाही मशागत हवी



दर अंकात या पानावर मी बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, हुमणी, पाचट यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. आपल्या सभासदांच्या यादीवर नजर टाकली की साठी ओलांडलेली नावे पुष्कळ दिसतात. या मंडळींनी को ४१९ पाहिला, को ७४० पाहिला, १९७२ चा दुष्काळ सोसला आणि त्यातूनही ऊस उभा केला. आज त्यांतले बरेचजण सोप्यावर नुसते बसून असतात. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण त्यांच्या तोंडावर, हसत हसत, सहज टाकतो. ही म्हण कितपत खरी आहे आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसाचे डोके तल्लख राहावे म्हणून घरच्या घरी काय करता येते, ते या लेखात सांगायचे आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा पदविकाधारक आहे. पण हा विषय माझ्या घरात घडला, म्हणून मी तो वाचून, विचारून समजून घेतला.

घरचीच गोष्ट

माझे वडील आज ७६ वर्षांचे आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळी तोंडपाठ. त्यांची एक लांबट वही होती. लागणीची तारीख, पाण्याची पाळी, कोणत्या सरीत किती नांग्या भरल्या, टोळीला किती उचल दिली, सगळे त्यात. वही कोनाड्यात आणि पेन्सिल कानावर.

चार वर्षांपूर्वी ते एक पाळी विसरले. मी म्हटले, "आबा, आता तुम्ही आराम करा. वही माझ्याकडे द्या." मी सगळे छापील तक्त्यात आणि मोबाईलमध्ये घेतले. मला वाटले, मी त्यांची सेवाच केली.

सहा-आठ महिन्यांत माणूस गप्प झाला. पारावर जाणे बंद. दूरदर्शनसमोर बसायचे, पण बघायचे नाहीत. एकच गोष्ट दोनदा विचारायचे. मी म्हणालो, "वय झालं." आई म्हणाली, "वय एका सालात होत नाही. तू त्यांना कामातून काढलंस, म्हणून ते घरातूनबी गेल्यासारखे झालेत."

तिचे बोलणे मला लागले. त्यांना तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. तपासणीत तीन गोष्टी निघाल्या. साखर वाढलेली होती, ब-१२ जीवनसत्त्व बरेच कमी होते आणि दोन्ही कानांनी ऐकू कमी येत होते. ते आमचे प्रश्न विसरत होते असे आम्हांला वाटे. त्यांतले निम्मे त्यांना ऐकूच आलेले नव्हते. औषधे सुरू झाली, कानाला यंत्र लागले आणि घरी आल्यावर मी वही परत कोनाड्यात ठेवली. पुढचे शेवटी सांगतो.

मेंदूचा राखीव निधी

मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा २ च्या आसपास असते, पण विसाव्याच्या वेळीही शरीराच्या एकूण शक्तीपैकी शेकडा २० च्या सुमारास तो एकटाच खातो. त्यातल्या पेशी एकमेकींना बारीक धाग्यांनी जोडलेल्या असतात. नवे काही शिकले की नवे जोड तयार होतात, जुने घट्ट होतात. जो जोड वापरात राहत नाही तो सैल पडतो. वापरातली पाणंद मोकळी राहते आणि वापर थांबला की तिच्यावर घाणेरी माजते, तसेच हे. हे जोडकाम तरुणपणी जोरात चालते, पण म्हातारपणी थांबत नाही. वेग कमी होतो, एवढेच.

याचा उपयोग काय, हे समजायला आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. नफ्यातला काही भाग आपण राखीव निधीत टाकतो. चांगल्या हंगामात तो कोणाला दिसत नाही. पण एखादे साल ऊस कमी पडला, तोटा आला, की हाच निधी संस्थेला तारतो. मेंदूचेही तसेच आहे. शिक्षण, अवघड काम, वाचन, हिशोब, माणसांत मिसळणे यांतून जन्मभर एक राखीव साठा जमतो. पुढे वयाने किंवा आजाराने मेंदूची झीज झाली तरी या साठ्यावर माणूस बराच काळ नीट चालतो.

याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ७५ वर्षांवरील ६७८ जणी सामील झाल्या. सगळ्यांचे राहणे-खाणे जवळजवळ सारखे. त्यांनी मरणोत्तर मेंदूतपासणीला संमती दिली होती. तेव्हा दिसून आले, की काहींच्या मेंदूत विस्मरणाच्या आजाराची झीज बरीच होती, तरी त्या शेवटपर्यंत शुद्धीत, शहाणपणाने वागत होत्या.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा, हैदराबादचा. तेथे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना एकापेक्षा जास्त भाषा बोलता येत होत्या, त्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा जडला होता. विशेष म्हणजे हा फरक निरक्षर माणसांतही दिसला. याचा अर्थ, राखीव साठा पाटीवरच जमतो असे नाही. बाजारात एक भाषा आणि घरात दुसरी बोलणारी आपल्या सीमाभागातली अंगठेबहाद्दर म्हातारीही जन्मभर मेंदूला व्यायाम देतच आली आहे.

ज्या सरीला पाणी, त्याच सरीला फूट

आता मुख्य प्रश्न. साठीनंतर मुद्दाम डोक्याला काम दिले तर खरेच फायदा होतो का? यावर अमेरिकेत सहा ठिकाणी मोठा प्रयोग झाला. ६५ ते ९४ वयाची २,८३२ धडधाकट माणसे घेतली. आपण प्लॉट पाडतो तसे त्यांचे गट पाडले. एका गटाला लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवल्या, दुसऱ्याला तर्काने कोडी सोडवायला, तिसऱ्याला डोळ्यांनी चटकन टिपायला. चौथ्या गटाला काहीच शिकवले नाही, म्हणजे आपल्या भाषेत तो तुलनेचा प्लॉट. शिकवणी फक्त दहा बैठकांची, तासा-सव्वातासाची.

२००२ साली निकाल आला. ज्याला जे शिकवले त्यात तो सुधारला. पण लक्षात ठेवायला शिकलेला माणूस कोडी सोडवण्यात सुधारला नाही, आणि कोडी शिकलेल्याची स्मरणशक्ती वाढली नाही. ज्या सरीला पाणी दिले त्याच सरीला फूट आली! पुढे दहा वर्षांनी, २०१४ साली, पुन्हा निकाल प्रसिद्ध झाला. तर्क आणि चपळाई या दोन गटांचा फायदा तोवर टिकून होता. स्मरणाच्या गटाचा टिकला नव्हता. मात्र तिन्ही गटांतल्या माणसांनी रोजची कामे करताना अडचण कमी येते असे सांगितले.

यातून शेतकऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, म्हातारपणी शिकता येते, हे सिद्ध आहे. दुसरी, एकाच सरीत पाणी सोडून भागत नाही. रोज एकच शब्दकोडे सोडवणारा शब्दकोड्यात पटाईत होईल, पण तेवढ्याने सगळे डोके सुधारेल असे समजू नये. कामे पालटून पालटून द्यावीत. आपण पिकाची फेरपालट करतो ना, तसे.

येथे एक इशारा. "हा खेळ खेळा, विस्मरण होणार नाही" अशा जाहिराती मोबाईलवर येतात. अमेरिकेत असे दावे करणाऱ्या एका कंपनीला २०१६ साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगामुळे २० लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्याला पुरावा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, की धडधाकट वृद्धांना बौद्धिक व्यायाम द्यायला हरकत नाही, पण त्याने आजार टळतो याचा पुरावा अजून कच्चा आहे. म्हणून बुद्धीच्या गोळ्या, चूर्णे, महागडे खेळ यांवर उसाचे बिल उडवू नका. खाली जी कामे सांगतो त्यांना जवळजवळ पैसा लागत नाही.

घरच्या घरी काय करावे

१) हिशोब वडिलांकडे ठेवा. वजनकाट्याच्या पावत्या आल्या की बेरीज आधी त्यांना तोंडी करू द्या. समजा तीन खेपांचे वजन १४.३५०, १६.२७५ आणि १५.८२० टन भरले. एकूण किती? तुम्ही मोबाईलवर करा, ते तोंडी करतील, मग ताळा पाहा. अडीच रुपयांना एक अशा सतरा पेंढ्यांचे किती, हे अडीचकीवाल्याला कागद लागत नाही. नातवंडांना ते पाढे शिकवायला सांगा. शिकवणाऱ्याला स्वतःला आधी आठवावे लागते, हाच त्यातला व्यायाम.

२) निर्णयात घ्या. नुसती माहिती देऊ नका, मत विचारा. "खोडवा ठेवायचा की मोडायचा?" "यंदा आडसाली करायची की पूर्वहंगामी?" कारणे विचारा. तुम्ही शेवटी वेगळे ठरवले तरी चालेल, पण का वेगळे ठरवले ते त्यांना सांगा. विचार करून मत मांडणे हे कोड्यापेक्षा मोठे काम आहे.

३) जुने आठवून सांगू द्या, पण क्रमाने. विहीर कधी खणली, पहिला पंप कोणता, कुठल्या तुकड्यात चोपण होते आणि ते कसे सुधारले. नातीने वहीत उतरून घ्यावे. ही तुमच्या रानाची बखर होईल, आणि माती परीक्षणाच्या अहवालात न सापडणारी माहिती तीत सापडेल. माझ्या नोकरीत मला अशा माहितीचा फार उपयोग झाला आहे.

४) नवे काहीतरी शिकवा. जुने आठवणे चांगले, पण नवे शिकणे जास्त कसदार. ठिबकचा फिल्टर उघडून धुणे, मोबाईलवर हवामान पाहणे, पेटी, बुद्धिबळ, शेजारच्या भाषेची लिपी, काहीही. अवघड वाटले पाहिजे, पण हाताबाहेरचे नको. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईने स्वतःची सही करणे याचे मोल वेगळे सांगायला नको.

५) बायकांना विसरू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीवरील शेकडा ७.४ माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत जास्त आढळले. आपल्या आया-आज्या या तिन्ही खणांत बसतात! ओव्या, उखाणे, गोधडीची नक्षी, रांगोळीचे ठिपके, लग्नाचा शिधा मोजून काढणे ही सगळी डोक्याचीच कामे आहेत. सुना आल्या म्हणून ती सासूच्या हातून काढून घेऊ नयेत. तिला विचारून करावे, तिच्याकडून शिकावे.

६) माणसांत ठेवा. एकटेपणा हा मेंदूचा वैरी आहे. भजन, हरिपाठ, सप्ताह, पार, पैशाविना पत्त्यांचा डाव, सगळे चालेल. भजनात तर शब्द पाठ, चाल, ताल आणि शेजाऱ्याशी मेळ, अशी चार कामे एकदम होतात. न्यूयॉर्क शहरातील ७५ वर्षांवरील ४६९ लोकांच्या २००३ सालच्या अभ्यासात वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणे आणि नाच यांत रमणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंश कमी दिसला.

नुसते डोके नव्हे, सगळे अंग

उसाला नुसता युरिया टाकून टनेज येत नाही. स्फुरद, पालाश, पाणी, निचरा सगळे लागते. डोक्याचेही तेच. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना योग्य आहार, नियमित व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर अशी चारही कामे एकत्र नेमून दिली. उरलेल्यांना नेहमीचा आरोग्याचा सल्ला दिला. चारही कामे करणाऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतली प्रगती जास्त झाली.

२०२४ साली जागतिक तज्ज्ञांच्या एका आयोगाने हिशोब मांडला, की कमी शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, वाढलेली चरबी, लठ्ठपणा, बैठेपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि दूषित हवा या चौदा कारणांचा बंदोबस्त झाला तर जगातले शेकडा ४५ च्या आसपास स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील. यातून आपल्यासाठी सरळ कामे निघतात. दुचाकीवर शिरस्त्राण घाला. बिडी सोडा. वर्षातून एकदा साखर, रक्तदाब, डोळे आणि कान तपासून घ्या. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबू नका. चुलीच्या धुरापासून आईला सोडवा. पाचट जाळू नका, हे तर मी दरवर्षीच सांगतो. त्याचे आणखी एक कारण आज कळले.

कानाविषयी मुद्दाम सांगतो, कारण यंत्र लावायची आपल्याकडे लाज वाटते. चष्म्याची वाटत नाही, मग यंत्राची का वाटावी? ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे सोडतो, बोलणे सुटले की माणसे सुटतात, आणि मेंदूला काम उरत नाही. २०२३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात सर्व वृद्ध मिळून कर्णयंत्राने फारसा फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली.

साधे विसरणे आणि आजार

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे, पाहुण्याचे नाव चटकन न आठवणे आणि तासाभराने आठवणे, हे वयाप्रमाणे होतेच. त्याला भिऊ नये. परंतु रोजच्या वाटेवर, आपल्याच रानाकडे जाताना चुकणे, टोळीला एकच उचल दोनदा देणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, जन्मभर केलेले काम करताना अडणे, स्वभाव एकदम पालटणे, ही लक्षणे दिसली तर दवाखाना गाठावा. ब-१२ ची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, पडून डोक्यात रक्त साकळणे यांमुळेही विस्मरण होते आणि यांवर उपचार आहेत. हुमणी लागलेल्या उसाला नुसते पाणी पाजून तो सुधारत नाही, आधी मुळाशी उकरून पाहावे लागते. तसेच हे. वर सांगितलेली कामे धडधाकट माणसासाठी आहेत, ती डॉक्टरची जागा घेणार नाहीत.

आणखी एक पथ्य. घरातल्या वडीलधाऱ्याची परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांसमोर "आबा, सांगा बघू आज वार कोणता" असे विचारणे म्हणजे अपमान आहे. काम खरे द्यावे, ज्याचा घराला उपयोग आहे. खोट्या कामाला म्हातारा माणूस लगेच ओळखतो.

शेवटचा हिशोब

वही परत कोनाड्यात ठेवली तेव्हा आबा दोन दिवस तिला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिल कानावर दिसली. आज ते नावे विसरतात, थोरल्या नातवाला धाकट्याच्या नावाने हाक मारतात. पण पाळी कुणाची आणि कधी, हे मला त्यांना विचारावे लागते. गेल्या हंगामात माझ्या मोबाईलमधल्या हिशोबात एक खेप राहिली होती, ती त्यांच्या वहीतून निघाली. औषध, यंत्र आणि वही, तिन्ही मिळून हे झाले असावे. पण वही काढून घेण्याची चूक माझी होती, आणि ती दुसऱ्या कोणी करू नये म्हणून हा लेख.

जाता जाता वडीलधाऱ्यांसाठी एक हिशोब देतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. साडेचार फुटी सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवले तर एकरी रोपे किती? आणि त्यांतली शेकडा पाच मेली तर नांग्या भरायला किती रोपे हवीत? कागद न घेता काढा. उत्तर या लेखाच्या तळाशी आहे, पण आधी वाचायचे नाही!

पुढील गट मेळाव्याला येताना आपल्या घरच्या जुन्या जाणत्या मंडळींना जरूर घेऊन या. त्यांच्यासाठी पुढची रांग राखून ठेवू. त्या दिवशी भाषण आम्ही कमी करू आणि त्यांचे ऐकू. खोडव्याकडे दुर्लक्ष केले तर तो वाया जातो, आणि वेळेवर बगला फोडून, खत-पाणी दिले तर लागणीच्या तोडीचे टनेज देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या खोडव्यालाही तेवढीच मेहनत द्यावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी

(उत्तरे : तीन खेपांचे वजन ४६.४४५ टन. सतरा पेंढ्यांचे साडेबेचाळीस रुपये. एकरी रोपे ४,८४०, नांग्यांसाठी २४२.)